घरपट्टी आणि पाणीपट्टी : उंबऱ्यावर विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी संपत आला की आम्ही पावती पुस्तक घेऊन घरोघर निघतो. गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत मी सहा वर्षे आहे. ग्रामपंचायतीचा शिपाई, समितीतल्या आम्ही दोघी-तिघी बायका आणि जमलेच तर भाऊसाहेब, असा आमचा ताफा असतो. (ग्रामसेवकाचे पद आता ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे, पण गाव अजून भाऊसाहेबच म्हणते.) बहुतेक घरी पैशाआधी प्रश्न पुढे येतो. तेच प्रश्न इथे लिहिले आहेत. जिथे 'धरू' म्हटले आहे तिथले आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. त्या जागी तुमच्या गावचे आकडे घालून बघा.

घरपट्टीच्या पावतीवर एवढे रकाने कसले?

आपण सगळ्याला मिळून घरपट्टी म्हणतो, पण पावतीत तीन-चार वेगवेगळे कर असतात. इमारत आणि जागेवरचा कर ही मूळ घरपट्टी. त्याखाली दिवाबत्ती कर, म्हणजे रस्त्यावरच्या खांबावरच्या दिव्यांचा. मग आरोग्य रक्षण कर, तो गटारी, झाडलोट, फवारणी यांच्यासाठी. पाणीपट्टी दोन तऱ्हेची असते : सार्वजनिक नळ-विहिरीवरून पाणी नेणाऱ्याला सामान्य पाणीपट्टी आणि घरात नळ घेतलेल्याला विशेष पाणीपट्टी. हे सगळे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ आणि १९६० च्या कर व फी नियमांखाली चालते.

ग्रामपंचायत कार्यालयातल्या तीन नमुन्यांचे, म्हणजे ठरलेल्या फॉर्मचे, आकडे पाठ करून ठेवा. नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. तुमचे घर किती, कसले, त्यावर कर किती, हे त्यात असते. नमुना ९ म्हणजे मागणीची नोंदवही, त्यात मागची बाकी आणि चालू मागणी दिसते. नमुना १० म्हणजे तुमच्या हातात पडते ती पावती. काही चुकले असेल तर या तिन्हींपैकी कुठे चुकले ते आधी शोधायचे.

पाणी देवाचे, विहीर गावाची. मग पाणीपट्टी कशाची?

आमच्या आळीतले एक आबा दर वर्षी हेच विचारतात, आणि मला त्यांचा राग येत नाही. त्यांनी पोहऱ्याने पाणी शेंदलेले दिवस बघितले आहेत. पाण्याला मोल लावायचे हे त्यांच्या मनाला पटत नाही, आणि पाणीपट्टी खरोखरच पाण्याची किंमत नाही. ते पाणी विहिरीतून उचलून, टाकीत चढवून, शुद्ध करून तुमच्या दारात आणायचा तो खर्च आहे.

हिशेब मांडू. गावात ३०० नळ आहेत असे धरू. विहिरीवर दहा हॉर्सपॉवरची मोटार आहे. ती तासाला साडेसात युनिट वीज खाते. रोज आठ तास चालली तर ६० युनिट, महिन्याला १,८००. युनिटला सहा रुपये धरले तर बिल १०,८०० रुपये. पाणी सोडणाऱ्याचे ९,००० धरू. तो पहाटे चारला उठतो, प्रत्येक आळीचा व्हॉल्व्ह वेगळा फिरवतो, लाइट गेली की पुन्हा जाऊन बसतो. त्या मानाने ९,००० कमीच आहेत. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आणि पाण्याची तपासणी यांचे १,५००. फुटलेली पाइप, गळका व्हॉल्व्ह, स्टार्टर यासाठी ५,०००. बेरीज २६,३००. तीनशे घरांत वाटले तर घरामागे ८८ रुपये.

आता महिना शंभर रुपये पाणीपट्टी लावली आणि सगळ्यांनी भरली, तर ३०,००० जमतात आणि महिन्याला ३,७०० शिल्लक राहतात. वर्षाचे ४४,४००. एप्रिल-मेमध्ये मोटार जळली तर रिवाइंडिंगला या शिल्लकेतूनच पैसे निघतात. पण तीनशेतल्या १८० घरांनीच भरली तर जमतात १८,०००, आणि महिन्याला ८,३०० चा खड्डा पडतो. वर्षात जवळजवळ एक लाख. मग वीजबिल थकते, एक दिवस कनेक्शन कापतात, आणि ज्या १८० घरांनी वेळेवर पैसे दिले त्यांच्या बायकाही हंडा घेऊन मळ्यातल्या विहिरीवर जातात.

आम्ही प्यायला जार घेतो. नळाचे पाणी सांडायलाच वापरतो. आम्ही का भरावी?

गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न हाच. सकाळी छोटा टेम्पो येतो, निळा-पांढरा जार दारात ठेवतो, रिकामा घेऊन जातो. पैसे रोख, तक्रार कुणाची नाही.

जार ३० रुपयांना धरू. रोज एक म्हटले तर महिन्याला ९०० आणि वर्षाला १०,९५० रुपये. एका दिवसाआड घेतला तरी साडेपाच हजारांच्या घरात जातात. त्यात मिळते २० लिटर. नळाचा हिशेब बघा. जल जीवन मिशनने दर माणशी दर दिवशी ५५ लिटर हे माप धरले आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, वर्षाला एक लाख लिटर. महिना शंभरच्या हिशेबाने बाराशे रुपयांत एक लाख लिटर, म्हणजे लिटरला सव्वा पैसासुद्धा नाही. जारचे लिटर दीड रुपयाला पडते. शंभर पटीहून जास्त.

जार घेऊ नका असे मी कुणाला सांगत नाही. घरात आजारी माणूस असेल, बाळंतीण असेल, नळाला गढूळ पाणी येत असेल, तर माणूस करणार काय? पण एक गोष्ट मला झोपू देत नाही. जार घेणारी घरे हळूहळू नळाची चौकशी करायची सोडतात. टाकी धुतली का, हे विचारायला ग्रामसभेत कोणी उभे राहत नाही, कारण विचारू शकणाऱ्यांच्या घरी जार आहे. मग नळाचे पाणी अजून खराब होते आणि ते पितात कोण? रोजगारावर जाणारी घरे. ऊसतोडीहून परत आलेली घरे. वस्तीवरची पोरे. भांडी घासायला, अंघोळीला, जनावरांना, घराच्या बांधकामाला तर तुम्हीही नळाचेच पाणी वापरता. त्यामुळे जार घेणाऱ्यानेही पाणीपट्टी भरायची, आणि टाकी कधी धुतली हेही त्यानेच विचारायचे.

आणि टेम्पोतला जार जिथे भरतो, तिथली तपासणी कुणी केली, हेही एकदा विचारून बघा. गावच्या नळाचे पाणी निदान आरोग्य खात्याकडे तपासणीला जाते.

मग नळाचे पाणी प्यायला चांगले आहे कशावरून?

डोळ्यांनी बघता येते. एका सकाळी पाणी सोडणाऱ्याबरोबर टाकीवर जा.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे पन्नास हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. ती प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, लाकडी काठीने ढवळायची. वास नाकात जातो, म्हणून तोंडाला रुमाल बांधतात. मग बादली बाजूला ठेवायची. चुना खाली बसतो, वर निवळ पाणी राहते. तेवढेच टाकीत ओतायचे, गाळ ओतायचा नाही. त्यानंतर निदान अर्धा तास थांबून पाणी सोडायचे. आमच्याकडे पूर्वी पावडर तशीच मुठीने टाकीत टाकत. वरच्या आळीला पाण्याचा वास येई आणि खालच्या आळीला क्लोरीनचा पत्ता नसे.

पावडरही ताजी लागते. पोते उघडे राहिले, ओल लागली की क्लोरीन उडून जातो आणि हातात नुसता चुना उरतो.

पाणी शुद्ध झाले का, ते ओटी टेस्टने कळते. छोट्या नळीत पाणी घ्यायचे, त्यात ओटीचे द्रावण टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. ही चाचणी टाकीजवळच्या नळाला करून उपयोग नाही; सगळ्यात शेवटच्या घरच्या नळाला करायची. तिथे ०.२ पीपीएम, म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅम, क्लोरीन मिळाला पाहिजे. आम्ही आता ती चाचणी शेवटच्या घरच्या ताईंसमोर करतो आणि वहीवर त्यांची सही घेतो. सहीला उशीर झाला तर त्या स्वतःच फोन करतात.

आरोग्य खाते ग्रामपंचायतीला कार्डही देते : हिरवे, पिवळे किंवा लाल. लाल म्हणजे साथीचा धोका मोठा. तुमच्या गावाला कुठल्या रंगाचे कार्ड आहे ते कार्यालयात जाऊन बघा. ते भिंतीवर लावलेले नसेल तर का नाही, ते विचारा.

आमच्या घरापर्यंत पाणी पोचतच नाही. तरी पैसे?

तक्रार खरी आहे. न मिळणाऱ्या पाण्याचे पैसे मागायला जाताना मलाही संकोच वाटतो. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि तोवरच्या पाणीपट्टीचे काय करायचे ते मासिक सभेपुढे ठेवायला लावा.

पण पाणी का पोचत नाही, याचे कारण बहुतेक वेळा टाकीत नसते, वाटेत असते. त्याचे नाव टिल्लू पंप. पाणी सुटले की सुरुवातीच्या घरांत नळाला थेट मोटार जोडतात. ती पाइपातले पाणी ओढून घेते. पुढच्या घराला नळ उघडला की नुसती हवा येते, फुस्स आवाज येतो. मग पुढचाही मोटार आणतो. त्याच्या पुढचाही. ज्याच्याकडे मोटारीला पैसे नाहीत, त्याच्या अंगणात खड्डा खणून खाली नळ नेतात, आणि त्या खड्ड्यात बसून बाई वाटीने हंडा भरते. असा खड्डा मी बघितला आहे. पावसाळ्यात त्यात गटाराचे पाणी उतरते.

यातला धोका पाणी कमी पडण्यापेक्षा मोठा आहे. मोटार ओढते तेव्हा पाइपात पोकळी तयार होते, आणि जिथे जिथे पाइप गळका आहे तिथून बाहेरची घाण आत खेचली जाते. गॅस्ट्रोची साथ अशीच घरोघर पोचते. म्हणून नळाला मोटार लावणाऱ्याविरुद्ध ग्रामपंचायतीने कडक व्हायला हवे, मग तो कुणाचाही भाऊबंद असो.

खात्रीचा उपाय मीटरचा आहे. साताऱ्यातल्या कऱ्हाडजवळच्या मलकापूरने घरोघर मीटर बसवून चोवीस तास पाणी दिले, आणि जास्त वापरणाऱ्याला दरही चढता ठेवला. चोवीस तास पाणी असले की कुणी पिंपे भरून ठेवत नाही, शिळे पाणी सकाळी गटारात ओतत नाही, आणि मोटार लावायची गरजही उरत नाही. मीटर म्हटले की लोक बिल वाढेल म्हणून बिचकतात. माझे मत उलट आहे. मीटर नसताना दोन माणसांच्या घरातली म्हातारी आणि गाड्या धुणारा बंगलेवाला सारखीच पाणीपट्टी भरतात. म्हातारीचे नुकसान आज चालू आहे.

दुकानात प्रत्येक वस्तूवर जीएसटी देतो. पुन्हा हा कर कशाला?

जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला आणि तो केंद्र आणि राज्याच्या तिजोरीत जातो. तुम्ही साबणावर दिलेला कर थेट गावच्या टाकीत उतरत नाही. तो फिरून येतो, वित्त आयोगाच्या निधीच्या रूपाने, आणि येताना अटी घेऊन येतो.

तोच तर मुद्दा. वित्त आयोगाचे लाखो रुपये येतात, ते कुठे जातात?

विचारलाच पाहिजे असा प्रश्न. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीत ६० टक्के रक्कम बंधित होती : पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच. उरलेली ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे. पण त्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च करायचा नाही, अशी अट. म्हणजे नवी पाइपलाइन होऊ शकते, पण ती रोज चालवणाऱ्या माणसाला द्यायचे पैसे गावालाच उभे करावे लागतात. नवी टाकी उभी आहे, उद्घाटनाचा फलक आहे आणि नळ कोरडे आहेत, असे गाव तुम्हीही बघितले असेल. बांधायला पैसे आले होते. चालवायला नव्हते.

किती आले, कशावर गेले, हे ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर गावाचे नाव टाकून मोबाइलवर बघता येते. शेजारच्या कॉलेजच्या पोराला पाच मिनिटे बसवा.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातलेही काही वाटे ठरलेले असतात : १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. वसुली कमी झाली की हे वाटेही लहान होतात. आमच्या गावात दिव्यांगांच्या वाट्यातून एकाला तीनचाकी सायकल घेऊन द्यायची होती. त्या वर्षी वसुली पडली आणि ती पुढच्या वर्षावर गेली. तो मुलगा वर्षभर आईच्या पाठीवरून शाळेत गेला.

गटार तुंबलेले, दिवे बंद. काम होईल तेव्हाच कर भरू.

हा राग मला समजतो. पण कर अडवून गटार उपसले गेल्याचे मी अजून बघितलेले नाही. पावती हातात घेऊन भांडल्यावर उपसलेले बघितले आहे. थकबाकीदार ग्रामसभेत उभा राहिला की पहिला आवाज येतो, 'आधी तुझी बाकी भर.' तिथेच त्याचा मुद्दा बुडतो.

म्हणून आधी भरा आणि मग सोडू नका. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास ग्रामसभा असते, त्याआधी महिला सभा. तिथे जमाखर्च मागा. तोंडी उत्तर आले तर लेखी मागा. लेखी मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्याला दहा रुपये लागतात.

आता दुसरी बाजू. आमच्या गावात यात्रेची वर्गणी कधी थकत नाही. घरामागे पाचशे-हजार रुपये लोक आनंदाने देतात, मुंबईची माणसे आधीच पाठवून देतात. मी बरीच वर्षे याचे कारण देवावरची श्रद्धा समजत होते. श्रद्धा आहेच, पण दुसरेही कारण आहे. यात्रा झाली की दुसऱ्या दिवशी पारावर बसून सगळा हिशेब वाचतात. वाजंत्रीला किती, कुस्त्यांच्या इनामाला किती, मांडवाला किती, शिल्लक किती, ती कुणाकडे. एक रुपया इकडेतिकडे झाला तर तिथेच विचारतात. मग पाणीपट्टीचा हिशेब पारावर का नको, असे मी सभेत म्हटले. सुरुवातीला कुरकुर झाली. आता दर तीन महिन्यांनी वीजबिल, पगार, टीसीएल, दुरुस्ती आणि जमा पारावर वाचतो आणि कागद तिथल्या फळ्यावर लावतो. त्यानंतर वसुलीला गेलो की दारातून परत पाठवणारी घरे कमी झाली. ज्या ग्रामपंचायती वसुली होत नाही म्हणून रडतात, त्यांनी आधी हे करून बघावे. लोक पैशाला तयार असतात. हिशेब न देणाऱ्याला पैसे द्यायला तयार नसतात, आणि ते बरोबर आहे.

कर भरणाऱ्याला गावाने काही द्यावे का?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाटोद्याने कर भरणाऱ्या घरांना दळण फुकट दळून दिले. तेव्हा भास्करराव पेरे पाटील सरपंच होते. दळण बायकांच्या रोजच्या कामातले, त्यामुळे कर भरायचा आग्रह घरातूनच सुरू होतो. मला ही कल्पना फार आवडते. मात्र गिरणी चालवायलाही वीज आणि माणूस लागतो. आधी पाणी नीट चालू द्या.

आम्ही पुण्याला असतो. गावचे घर वर्षभर बंद. घरपट्टी कशाला?

घर उभे आहे तोवर घरपट्टी आहे. घरासमोरचा रस्ता, दिवा, गटार तुम्ही नसतानाही असतात. नळ वापरात नसेल तर अर्ज देऊन तो बंद करून घेता येतो आणि त्याची पाणीपट्टी थांबते. न सांगता निघून गेलात तर बाकी चढत राहते.

आणखी एक, कारण यात पुढे भांडणे होतात. नमुना ८ वर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली, असे नाही. ती कर कुणाकडून घ्यायचा याची नोंद आहे. तरीही वडील गेल्यावर वारसनोंद लगेच करून घ्या. वीस वर्षांनी चार भावांच्या सह्या गोळा करणे फार अवघड जाते. आणि नाव लावताना घरातल्या बाईचेही लावा. पती-पत्नी दोघांच्या नावे घराची नोंद करावी, असा शासन निर्णय २००३ सालीच झालेला आहे. मी हे दारोदार सांगते. पुष्कळ ठिकाणी पुरुष गप्प बसतात आणि आतून बाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येते, ऐकत उभी राहते.

घरपट्टी एकदम एवढी कशी वाढली?

पूर्वी चौरस फुटावर कर होता. डिसेंबर २०१५ च्या दुरुस्तीनंतर तो भांडवली मूल्यावर लागतो, म्हणजे जमिनीचा सरकारी दर, बांधकामाचा प्रकार, घराचे वय आणि वापर यावर. मातीचे घर पाडून स्लॅबचे बांधले, पुढे दुकानाचा गाळा काढला, तर कर वाढणारच. आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते आणि यादी लावून हरकती मागवतात. हरकत त्या मुदतीतच द्या. मान्य झाली नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येते. मापात चूक वाटली तर फेरमोजणी मागा. ओटा किंवा गोठा घरात धरल्याच्या चुका आमच्याकडे सापडल्या आहेत.

पैसे खरेच नसतील तर?

तर तसे सांगा आणि हप्ते पाडून घ्या. दर महिन्याला पन्नास रुपये आणून देणारी घरे आमच्याकडे आहेत, आणि माझ्या मनात त्यांचा मान फार मोठा आहे.

इथे एक सांगितलेच पाहिजे. चार वर्षांपूर्वी ग्रामसभेत थकबाकीदारांची नावे वाचायचे ठरले. यादी मी वाचली. त्यात आमच्या खालच्या आळीतल्या एका एकट्या राहणाऱ्या काकूंचे नाव होते. त्या सभेत होत्या. काही न बोलता उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आल्या, हातात दुधाची धुतलेली पिशवी, त्यात घडी घातलेल्या पावत्या. ज्या दोन वर्षांची बाकी मी वाचली होती, त्या दोन्ही वर्षांच्या. पैसे भरलेले होते. नमुना ९ मध्ये नोंदच झाली नव्हती. त्या एवढेच म्हणाल्या, 'पोरी, माझ्याकडे पावती होती म्हणून. नसती तर?'

पुढच्या ग्रामसभेत मी उभी राहून त्यांची माफी मागितली. तेव्हापासून आम्ही नावे वाचत नाही, फळ्यावरही लावत नाही. मार्चच्या आधी पावती पुस्तकाची स्थळप्रत (कार्यालयात राहणारी प्रत) आणि नमुना ९ शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून बघतो. तीन रात्री जातात. जिथे नावे जाहीर करायचा विचार चालला असेल, त्या गावांना माझी हात जोडून विनंती आहे : आधी या तीन रात्री बसा.

वेळेवर भरले तर सूट, नाही भरले तर काय?

सप्टेंबरअखेरपर्यंत चालू वर्षाची घरपट्टी भरली तर ५ टक्के सूट, वर्ष उलटले तर ५ टक्के दंड. त्यानंतर मागणीचे बिल, मग मागणीचे रिट (कर भरा असा लेखी हुकूम), आणि तरीही न भरल्यास जंगम मालमत्तेची जप्ती, अशी कायद्यातली वाट आहे. जुनी बाकी लोकअदालतीत तडजोडीने मिटवता येते. तशी नोटीस आली तर घाबरू नका, तारखेला जा.

नळ तोडणे हा शेवटचा उपाय, आणि तो ऐपत असून न भरणाऱ्यासाठी. ज्या घरात लहान मूल आहे आणि कमावते कोणी नाही, तिथला नळ तोडायच्या कागदावर मी सही करत नाही.

सदस्यांची बाकी असते ती?

बिल दिल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर सदस्य अपात्र ठरू शकतो, १९५८ च्या अधिनियमातच तशी तरतूद आहे. सरपंचापासून सगळ्यांच्या पावत्या बघायचा तुम्हाला अधिकार आहे. आमच्या समितीत वसुलीला निघायच्या आधी आम्ही सगळ्यांनी स्वतःच्या पावत्या फाडायच्या, असा शिरस्ता आहे.

माजी सैनिकांना माफी आहे ना?

हो. २०२० पासूनच्या बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेत माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांच्या एका घराला मालमत्ता कर माफ आहे. अर्ज करावा लागतो, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून. पाणीपट्टी मात्र द्यावी लागते.

महिन्याच्या खर्चात हे बसवायचे कसे?

मोबाइलचा रिचार्ज २८ दिवसांचा असतो, म्हणून वर्षात बारा नाही, तेरा होतात. एका फोनला तीनशे रुपये धरले तर वर्षाचे ३,९००. घरात फोन दोन असले तर दुप्पट. तो रिचार्ज कुणी थकवत नाही, कारण संपला की फोन त्याच दिवशी बंद पडतो. पाण्याचे तसे नाही. पाणीपट्टी थकली तरी उद्या नळ येतो, परवाही येतो, म्हणून ती मार्चवर ढकलली जाते आणि मार्चमध्ये मुलांच्या फिया, गुढीपाडवा, लग्नसराई सगळे एकदम येते.

माझ्या ओळखीच्या एक मावशी डेअरीच्या दर हप्त्यातले तीस-चाळीस रुपये डाळीच्या डब्यात टाकतात. ऑगस्टपर्यंत सगळी रक्कम जमते, त्या पाच टक्के सूट घेऊन मोकळ्या होतात. दुधाचा हप्ता नसेल तर बचत गटाच्या मासिक बैठकीला जोडून बाजूला काढा.

पावती कुठे आणि किती वर्षे ठेवायची?

पावतीशिवाय पैसे देऊ नका, ओळखीचा शिपाई असला तरी. फोनवरून पैसे पाठवले असतील तर नमुना १० ची पावती नंतर जाऊन घ्याच. बँकेचा निरोप म्हणजे पावती नव्हे. पावतीवर वर्ष, कराचे नाव आणि सही आहे का ते तिथेच उभे राहून बघा. मोबाइलवर फोटो काढा, आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा. सगळ्या वर्षांच्या ठेवा.